सकाळी सात ते नऊ

चतुराक्काचा आवाज पहिल्यांदा फाटला तो भीमजयंतीच्या स्टेजवर, तीन-चारशे माणसांसमोर. माइकसेट माझाच होता. मला वाटलं वायर सैल झाली, म्हणून मी मशीनकडे धावलो. वायर ठीक होती. आक्का माइकसमोर उभी होती, तोंड उघडं होतं आणि आवाज मात्र वरच्या पट्टीत जाऊन कापड टरकावं तसा टरकला होता. तिनं हातानंच कोरसच्या बायकांना खूण केली. त्यांनी गाणं पुरं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरल्यावर आक्का मला म्हणाली, "जालिंदर, घशात काहीतरी हाय. लई दिवसापून हाय."

चतुराक्का माझी थोरली बहीण. दाजी गेल्यापासून ती माहेरी, आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहते. अंगणवाडीत मदतनीस आहे. तीस वर्षं भीमगीतं गाते. त्यातली एकोणीस गाणी तिची स्वतःची, शब्दही आणि चालही. केजपासून माजलगावपर्यंत जयंतीला, लग्नात, मयतानंतरच्या जलदानाच्या कार्यक्रमाला तिला बोलावणं असायचं. पण या एकोणीसपैकी एकही गाणं कुठं नोंदलेलं नव्हतं. मोबाइलवर लोकांनी घेतलेलं होतं, त्यात गाण्यापेक्षा पोरांचा गलकाच जास्त.

आम्ही लातूरला गेलो. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरयंत्राच्या पडद्यावर गाठ आहे म्हणाले. काढावी लागेल आणि तपासायला पाठवावी लागेल. आक्कानं एकच प्रश्न विचारला, "गाता येईल का?" डॉक्टर भले होते, खोटं बोलले नाहीत. आवाज परत येईल, पण तो कसा असेल ते सांगता येत नाही म्हणाले. तारीख सव्वीस दिवसांनंतरची मिळाली. तोपर्यंत घशाला आराम द्या, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

येताना एसटीत आक्का खिडकीबाहेर बघत बसली होती. २०१६चा उन्हाळा. मांजरेचं पात्र कोरडं ठक्क, रस्त्याच्या कडेनं पाण्याच्या टाक्या भरून बैलगाड्या चाललेल्या. केज जवळ आल्यावर ती म्हणाली, "एकोणीसबी गाणी भरून ठेव."

"आक्का, डॉक्टर आराम करा म्हणलेत."

"कमी बोला म्हणले. मी बोलणारच न्हाई. तेवढा आवाज गाण्याला वापरू."

मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. त्या वर्षी तालुक्यात ऊसच नव्हता, म्हणून कारखान्याचं धुराडं पेटलं नव्हतं आणि मी घरी होतो. वेळ भरपूर होता. स्टुडिओत जाऊन गाणी करायची ऐपत नव्हती आणि तिथं आक्काला तासाच्या हिशेबानं गायला लावणं मला पटत नव्हतं. म्हणून ठरवलं, घरातच करायचं.

अंबाजोगाईत एक ऑर्केस्ट्रावाला धंदा बंद करत होता. त्याच्याकडून जुनी आवाजाची पेटी घेतली. माइकची वायर तिच्यात घालायची आणि तिची वायर लॅपटॉपमध्ये. कान पुरे झाकणारा हेडफोनही त्यानंच दिला. एक नाजूक, महागडा माइक त्यानं पंधरा दिवसांसाठी वापरायला दिला. घरी आणून लावला, तर त्या माइकनं सगळंच ऐकलं. तीन घरं पलीकडचं शेरडू, पत्र्यावरची चिमणी, सिंधूनं चुलीजवळ ठेवलेली पळी. सिंधू माझी बायको. ती हेडफोन लावून हसायला लागली, "अवं, ह्यात तर पल्याडच्या छबुबाईचं भांडण बी ऐकू येतंय."

शेवटी मी माझा जयंतीचाच माइक काढला, दहा वर्षं जुना, जाळी चेपलेला. तो फक्त तोंडाजवळचं ऐकतो, लांबचं सोडून देतो. अंबाजोगाईवाल्याचा माइक दुसऱ्याच दिवशी परत केला.

खोली धान्याची घेतली. कणग्या रिकाम्याच होत्या, त्या बाहेर काढल्या. एका पोरानं सांगितलं होतं की भिंतीला अंड्यांचे ट्रे लावले की आवाज घुमत नाही. लावून बघितले, काही उपयोग नाही. मग सिंधूनं घरातल्या सगळ्या वाकळा काढल्या. खोलीत एक बाज टाकून तिच्या तीन बाजूंना बांबू उभे करून, भिंतीपासून हातभर अंतर सोडून त्या टांगल्या. खाली पोतं अंथरलं. टाळी वाजवली तर ती तिथंच पडली, परत आली नाही. 'प' आणि 'भ' म्हणताना माइकवर फुंकर बसू नये म्हणून भरतकामाच्या रिंगवर माझ्या पोरीचा शाळेचा पायमोजा ताणून बसवला आणि तो माइकपुढं वीतभर अंतरावर बांधला. लॅपटॉपचा पंखा गुणगुणायचा, म्हणून लॅपटॉप शेजारच्या खोलीत ठेवला आणि वायर झरोक्यातून आत घेतली.

उरला वरचा पत्रा. नऊ वाजून गेले की तो तापायचा आणि टणटण वाजायचा. पंखा लावता येत नव्हता. म्हणून सकाळी सात ते नऊ हीच वेळ आमच्या हातात होती.

आणि नेमकं त्याच वेळी इंजिन सुरू व्हायचं.

आमच्या वस्तीच्या मागं, ओढ्याच्या पलीकडं बद्रीआण्णांचं शेत. बद्रीआण्णा म्हणजे बद्रीनाथराव, गावच्या सोसायटीचे चेअरमन आणि कारखान्याचे संचालक. त्यांच्या एका बोअरला अजून पाणी होतं. तहसीलनं तो बोअर टँकर भरायला ताब्यात घेतला होता. तिथं दिवसभर डिझेलचं इंजिन धडधडायचं आणि तीन टँकर आळीपाळीनं भरून जायचे. घराच्या भिंती हादरायच्या. पहिल्या तीन सकाळी आम्ही वाट बघत बसलो. दोन टँकरच्या मध्ये दहा मिनिटं मिळायची. आक्का गाणं धरायची, दुसऱ्या कडव्याला इंजिन सुरू. तिसऱ्या दिवशी तिनं हेडफोन काढून ठेवला आणि खुणेनंच सांगितलं, बस झालं.

मी आण्णांकडे गेलो ते तिला न सांगता.

आण्णा ओसरीवर पेपर वाचत होते. मला बघून लांबूनच म्हणाले, "जय भीम, जालिंदर! ये." एरवी ते राम राम म्हणतात. कारखान्याची निवडणूक महिन्यावर आली होती.

मी सगळं सांगितलं. त्यांनी मनापासून ऐकलं, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "चतुराबाईचा आवाज म्हंजे आपल्या भागाचं भूषण. कावून नाही करणार? सात ते नऊ इंजिन बंद ठेवतो. एक फोन करायचा. टँकर नऊला भरतील."

मी उठलो, तर म्हणाले, "बस. आपलं बी एक काम हाय. पॅनलचं गाणं करायचंय. छत्री निशाणी हाय. तिचं ते आडाचं गाणं हाय ना, लई चालतं ते. त्या चालीवर दोन कडवी बसव. तू कारखान्यातलाच माणूस. धुराडं पेटलं तर पहिला फायदा तुलाच."

मी हो म्हणालो. विचार करतो असंही म्हणालो नाही. सरळ हो म्हणालो.

आडाचं गाणं काय आहे ते सांगायला पाहिजे. आमच्या आजीच्या काळी गावच्या आडाला आमच्या माणसांनी हात लावायचा नव्हता. आजी काठावर उन्हात उभी राहायची. कुणाला दया आली की वरून ओंजळीत पाणी ओतायचे. आक्कानं ते वयाच्या बाविसाव्या वर्षी लिहिलं.

*आडाच्या काठी उभी माझी आजी, ओंजळ धरून उन्हात गं...*

मी घरी आलो आणि वहीच्या मागच्या पानावर त्याच मात्रांत लिहिलं, *छत्रीच्या पुढं मारा शिक्का, चिमणी पेटंल गावात रं...* लिहिताना लाज वाटली. पण शब्द चपखल बसत होते आणि ते बसले याचं बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता इंजिन सुरू झालं नाही. आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "टँकरचा टाइम बदललाय."

त्यानंतरच्या सकाळी मी आयुष्यात विसरणार नाही. सिंधू पहाटे पाव तांब्या पाणी वेगळं झाकून ठेवायची, आक्काच्या घशासाठी. आक्का दिवसभर एक शब्द बोलायची नाही. अंगणवाडीतही हातवाऱ्यांवर काम चालवायची. सात वाजता वाकळांच्या आत शिरायची, घामानं भिजायची आणि गायची. शेजारच्या खोलीत मी हेडफोन लावून बसायचो. लॅपटॉपवरचा आवाजाचा काटा लाल रेघेला लागू नये एवढंच बघायचं होतं. पण मला तिचा श्वास ऐकू यायचा. तीस वर्षं मी तिला कर्ण्यातून ऐकलं होतं. ओळ संपताना ती आवाज किती हळू ठेवते, ते मला तेव्हा कळलं. कधी एक गाणं, कधी दीड. एका गाण्याला तीन दिवस गेले. तेरा दिवसांत अकरा गाणी झाली. आडाचं गाणं सातवं होतं. ते तिनं एकाच दमात दिलं.

चौदाव्या सकाळी गाणं चालू असतानाच बाहेरून हाका आल्या. भामाबाई होत्या, ओढ्याच्या वरच्या तांड्याजवळच्या वस्तीतल्या. आक्काच्या अंगणवाडीत त्यांचा नातू येतो. डोक्यावर रिकामी घागर, पाय धुळीनं भरलेले.

"चतुरा, तुझ्या इथं हंडाभर पाणी मिळंल का? आमचा टँकर साडेआठला यायचा, आता बारालाबी येईना. तेरा दिवस झाले. लेकराला जुलाब लागलेत."

आक्कानं त्यांना आत बसवलं. सिंधूनं होतं त्यातलं अर्धं पाणी घागरीत ओतलं. भामाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "टँकरवाल्याला इचारलं तर म्हनतो, चेअरमनचा हुकूम हाय. नऊच्या आत इंजिन लावायचं न्हाई. तुमच्या गावात कोन गानं भरतंय म्हनं."

त्या गेल्यावर आक्का दाराशी उभी राहिली. दोन आठवडे न बोललेली ती माझ्याशी बोलली. आवाज खरखरीत होता.

"टाइम बदललाय म्हणलास."

मी हातातली वायर गुंडाळायला लागलो.

"कुणाला सांगून बदलला? आन कशावर?"

मी वही आणून दाखवली. दुसरं काही करायची हिंमत नव्हती. तिनं मागचं पान वाचलं. ती हळू वाचते, प्रौढ शिक्षणात शिकलेली. ओठ हलत होते. चालीत वाचत होती हे माझ्या लक्षात आलं.

"आजीला वरून पाणी वाढायचे," ती म्हणाली. "आन मी भामाबाईचं पाणी अडवून पाण्याचंच गाणं म्हणलं. तुज्यामुळं."

"आक्का, मी आत्ता जाऊन सांगतो. गाणं न्हाई देत म्हणतो. इंजिन सुरू करा म्हणतो."

"आन तो करील? दिलेला शब्द मोडला म्हणून आपल्या वस्तीचा टँकरबी थांबवील." ती बाजेवर बसली. वही मिटून मांडीवर ठेवली. "शब्द तू दिलाय. फेडायचा मला हाय. आत्ताच घे. पण त्याला सांग, उद्यापून सातला इंजिन लागलं पाहिजे."

"तुजा आवाज..."

"जालिंदर, माईक लाव."

त्या सकाळी साडेआठ वाजले होते. पत्रा तापायला लागला होता. प्रचाराचं गाणं जीपवर वाजायचं म्हणून ते उंच पट्टीत, जोरानं म्हणावं लागतं. आक्कानं पहिल्यांदा म्हटलं, पत्र्यानं टणटण केलं. दुसऱ्यांदा म्हटलं, शेवटच्या ओळीला आवाज फुटला. मी म्हणालो, राहू दे, एवढं पुरे. तिनं मान हलवली. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. आण्णांना वाईट दर्जाचं गाणं द्यायचं नाही, असंच जणू तिनं ठरवलं होतं. सहाव्या वेळी गाणं नीट झालं. बाहेर आली तेव्हा तिचं लुगडं पाठीला चिकटलं होतं. पाणी प्यायली आणि गिळताना डोळे मिटले.

मी गाणं मेमरी कार्डात घालून आण्णांना दिलं. इंजिनाचं सांगितलं. ते म्हणाले, "झालं का तुमचं सगळं? वा, लवकर झालं." मी हो म्हणालो. त्यांना काय कळणार होतं. दुसऱ्या सकाळी सात वाजता इंजिन लागलं.

आठ गाणी राहिली होती. दवाखान्याला पाच दिवस होते. आक्का रोज वाकळांत जाऊन बसायची. इंजिन टँकरच्या मध्ये थांबलं की दहा मिनिटांत होईल तेवढं म्हणायची. पण आता अडचण इंजिनाची राहिली नव्हती. आवाज बसला तो उठलाच नाही. खालच्या पट्टीची तीन गाणी कशीबशी झाली. चौथ्याला तिनं तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. माझ्या हेडफोनमध्ये ती हवा मला स्पष्ट ऐकू आली. मी बटण बंद केलं.

चौदा झाली. पाच राहिली. त्यात आमच्या आईचा पाळणाही होता. आई म्हणायची त्या चालीवर आक्कानं शब्द बांधले होते. तो तिनं शेवटी ठेवला होता, कारण तो म्हणताना तिला रडू येतं आणि रडलं की आवाज बिघडतो.

गाठ निघाली. तपासणीत वाईट काही नव्हतं. रिपोर्ट हातात आला तेव्हा सिंधू दवाखान्याच्या जिन्यातच बसून रडली. पंधरा दिवस अजिबात बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

त्याच पंधरा दिवसांत प्रचार रंगला. मुंजाजी आमच्याच वस्तीतला ड्रायव्हर, पॅनलची जीप त्याच्याकडं. गाव, तांडे, वाड्या, सगळीकडं आक्काचा आवाज फिरायला लागला. बायका दारात येऊन म्हणायच्या, "चतुराबाईचा आवाज परत आला की!" आक्का आत पाटीत ज्वारी निवडत बसलेली. तिला होही म्हणता येत नव्हतं आणि नाहीही. पावसाचा पत्ता नाही आणि घरोघर छत्रीचं गाणं, म्हणून पोरं हसायची. दोन दिवसांनी मुंजाजी वस्तीच्या वळणावर आला की गाणं बंद करायला लागला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. वस्ती ओलांडली की तो परत सुरू करायचा.

पॅनल निवडून आलं. धुराडं पुढच्या हंगामात पेटलं. मला कामावर बोलावणं आलं, तेही सांगतो. मी गेलो. घरात बसून काय करणार होतो?

पंधरा दिवस संपले आणि आक्का बोलायला लागली. सिंधूशी बोलायची, पोरीशी बोलायची, भामाबाईंच्या नातवाला हाका मारायची. आवाज जाड, खालचा, मध्येच तुटणारा. माझ्याशी बोलायची नाही. मी समोर आलो की ताट ठेवायची, पाणी ठेवायची आणि आत जायची. मी तिला एकदा म्हणालो, "आक्का, मार मला. पण बोल." ती गेली.

ती चौदा गाणी मी नीट करून लोकांच्या मोबाइलवर घालून दिली. शिरूरकडून ऊसतोडीला निघालेल्या आमच्या एका पाहुण्यानं ती कार्डात भरून कर्नाटकात नेली. तिथून त्यानं फोन केला की फडावर बायका संध्याकाळी आडाचं गाणं लावतात, चेअरमनचं नव्हे, खरं. मी ते सिंधूला सांगितलं, आक्का ऐकेल अशा बेतानं. ती ऐकत होती.

दिवाळीनंतर एका रविवारी ती स्वतःच धान्याच्या खोलीत आली. वाकळा थंडीमुळे सिंधूनं काढून नेल्या होत्या. कणग्या अजून बाहेरच होत्या.

"माईक हाय का?"

"हाय."

"लाव. चाल माज्या गळ्यातून निघत न्हाई. पर शब्द सांगते. ठेका हातानं देते. मागून कुणाला म्हणायचं असलं तर त्यांना कळंल तरी."

तिनं तसंच केलं. माइकसमोर बसून एकेक गाणं नुसतं बोलून दाखवलं, पाटावर बोटं वाजवत. कुठं आवाज वर चढवायचा, कुठं कोरसनं उचलायचं, कुठं थांबायचं, तेही मध्ये सांगत गेली. "इथं दम घ्या. इथं घाई करू नका. ही ओळ दोनदा." मी शेजारच्या खोलीत बसून ते भरून घेतलं. चार गाणी झाली. तासभर लागला.

मी झरोक्यातून विचारलं, "आन आईचा पाळणा?"

हेडफोन काढून तिनं पाटावर ठेवला.

"तो न्हाई," ती म्हणाली. "तो असा बोलून सांगायचा न्हाई."

ती उठून सिंधूकडं चुलीपाशी गेली. त्यानंतर ती माझ्याशी पहिल्यासारखी बोलायला लागली, म्हणजे जवळजवळ पहिल्यासारखी. पाळण्याचं तिनं कधी काढलं नाही. मीही विचारलं नाही. माझ्याकडं अठरा आहेत.